बारावीत बायोलॉजी सोडली, आता चालेल का?

(वाचक विचारतात : नागपूरच्या प्रतापनगरात राहून, घरूनच जीनोमिक्ससाठी, म्हणजे सजीवांचा सगळा डीएनए वाचून अभ्यासण्याच्या शास्त्रासाठी, सॉफ्टवेअर साधनं बनवणाऱ्या एक संगणक अभियंता या अंकात वाचकांना उत्तरं देत आहेत. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.)

संपादकांनी पत्रांचा गठ्ठा पाठवला, त्यात निम्म्याहून जास्त पत्रांचा सूर एकच : या फील्डला स्कोप आहे का? त्या सगळ्यांना वेगळं उत्तर देत बसत नाही. वर्ध्याच्या ताईंना जे लिहिलंय तेच वाचून घ्यावं. बाकीची पत्रं मात्र मजेदार निघाली, एकदोन तर मला पुन्हा फाइली उघडायला लावणारी.

मी हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बारावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. जीनोमिक्समध्ये काम करायचं आहे. बायोलॉजी न येता चालेल का? आणि ताई, तुम्ही दिवसभर नेमकं करता काय?
— एक विद्यार्थी, नागपूर

चालते न बाप्पा. पण न शिकता चालणार नाही, उशिरा शिकून चालेल. मीही बायोलॉजी सोडूनच इंजिनीअरिंगला गेले. पुढे पुण्यात टेलिकॉम बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली, मग बंगळुरूला एका जीनोमिक्स कंपनीत, आणि आता घरून. लागली तेवढी बायोलॉजी कामावर शिकले. ती फार नसते, पण पक्की असावी लागते. जनुकापासून प्रथिन कसं बनतं, आईकडून-बापाकडून काय येतं, गुणसूत्राच्या दोन धाग्यांचा एकमेकांशी काय संबंध, एवढं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

आता दिवसभराचं. डीएनए म्हणजे ‘ए’, ‘सी’, ‘जी’, ‘टी’ या चार अक्षरांची लांबच लांब ओळ, आणि एका माणसाची अशी सगळी अक्षरं मिळून त्याचा जीनोम. ती वाचणारं सिक्वेन्सर यंत्र सलग वाचत नाही. सध्या सर्वांत जास्त वापरली जाणारी यंत्रं साधारण दीडशे अक्षरांचे तुकडे वाचतात. माणसाचा जीनोम सुमारे ३१० कोटी अक्षरांचा. प्रत्येक जागा सरासरी ३० वेळा वाचली जावी अशी अपेक्षा असते, म्हणजे एका माणसामागे साठ कोटींच्या वर तुकडे. प्रत्येक तुकड्याच्या चार ओळी : नाव, अक्षरं, एक अधिकचं चिन्ह, आणि प्रत्येक अक्षर किती खात्रीने वाचलं गेलं ते सांगणारी चौथी ओळ. दाबून बसवली तरी ही फाइल एका माणसाची साठ ते शंभर जीबी भरते. मग हे तुकडे एका प्रमाण जीनोमवर, म्हणजे रेफरन्सवर, जागच्या जागी बसवायचे आणि माणूस रेफरन्सपेक्षा कुठे वेगळा आहे ते काढायचं. असे फरक प्रत्येकात चाळीस-पन्नास लाख निघतात. तुझ्यातही, माझ्यातही. त्यातले बहुतेक निरुपद्रवी.

तुकडे बसवणारे आणि फरक काढणारे प्रोग्रॅम मी लिहीत नाही. बीडब्ल्यूए, सॅमटूल्स, जीएटीके हे सगळं फुकट आणि उघडं उपलब्ध आहे, आणि लिहिणारे माझ्यापेक्षा फार हुशार आहेत. माझं काम त्यांच्या अवतीभवती. पायऱ्या क्रमाने चालवायच्या, मध्यरात्री डिस्क भरून गाडी अडली तर सकाळी पहिल्यापासून नाही तर अडली तिथूनच सुरू करायची, कोणत्या आवृत्तीचा प्रोग्रॅम आणि कोणता रेफरन्स वापरला त्याची नोंद ठेवायची, नमुना ज्याचा म्हणून आला त्याचाच आहे ना ते तपासायचं. निम्मी हमाली आणि निम्मं मुनीमपण. हमाली यंत्राकडून करून घेता येते. मुनीमपण मात्र अंगात मुरावं लागतं.

ते मुनीमपण कसलं, हे आपल्या विदर्भातल्याच उदाहरणाने सांगते. सिकलसेल तुला ठाऊक असेल, तुझ्या वर्गातही एखादा वाहक, म्हणजे जनुकाची एकच प्रत बिघडलेला पण स्वतः आजारी नसलेला, असेल. हिमोग्लोबिनच्या एका साखळीची कृती ११ व्या गुणसूत्रावरच्या एचबीबी नावाच्या जनुकात असते. त्यात एक अक्षर बदलतं : ‘जीएजी’चं ‘जीटीजी’ होतं, प्रथिनात ग्लुटामिक ॲसिड या अमिनो ॲसिडच्या जागी व्हॅलिन येतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. सगळ्या जीनोममधलं एक अक्षर. आता मला सांग, ते कुठे आहे?

२०१३ च्या रेफरन्सवर, ज्याला जीआरसीएच-३८ म्हणतात, ते ५२,२७,००२ क्रमांकावर आहे. २००९ च्या रेफरन्सवर, जीआरसीएच-३७ वर, तेच अक्षर ५२,४८,२३२ वर. म्हणजे २१,२३० चा फरक, आणि दोन्ही रेफरन्स आजही वापरात आहेत. पुढे ऐक. सापडलेल्या फरकांची व्हीसीएफ नावाची फाइल एकपासून मोजते, गुणसूत्रावरच्या जागांची बेड नावाची फाइल शून्यापासून. त्यामुळे बेडमध्ये ते अक्षर ५२,२७,००१ पासून सुरू होतं. कुठे गुणसूत्राचं नाव ‘सीएचआर ११’ असतं तर कुठे नुसतं ‘११’, आणि या दोन फाइली एकमेकींसमोर ठेवल्या तर प्रोग्रॅम तक्रारही न करता ‘काही सापडलं नाही’ म्हणून मोकळा होतो. जुनी वैद्यकीय पुस्तकं सांगतात की सहावं अमिनो ॲसिड बदलतं. आजचे नामकरणाचे नियम सांगतात सातवं, कारण सुरुवातीचं मेथिओनिन, जे नंतर कापलं जातं, तेही मोजायचं असतं.

एवढ्यावर भागत नाही. एका डॉक्टरांचा मला फोन आला : “ताई, तुमच्या सॉफ्टवेअरनं अक्षरं उलटी छापली. पुस्तकात ‘ए’ जाऊन ‘टी’ येतो, तुमच्याकडे ‘टी’ जाऊन ‘ए’ आलाय.” दोघंही बरोबर होतो. रेफरन्समध्ये गुणसूत्राचा एकच धागा लिहिलेला असतो, आणि एचबीबी हे जनुक समोरच्या धाग्यावर वाचलं जातं. एका धाग्यावर ‘ए’ असला की समोर ‘टी’ असतोच. डॉक्टर जनुकाच्या बाजूने वाचत होते, फाइल रेफरन्सच्या. पण त्यांचा प्रश्न रास्त होता. रुग्ण समोर बसलेला असताना धाग्यांचा विचार कोण करणार? तेव्हापासून रिपोर्टमध्ये दोन्ही बाजू छापल्या जातात, रेफरन्सची आवृत्ती ठळक अक्षरांत येते, आणि शेजारी ‘आरएस ३३४’ हा या फरकाचा जगभर वापरला जाणारा नोंदणी क्रमांक असतो. रेफरन्स बदलला तरी तो क्रमांक बदलत नाही.

(एक सांगून ठेवते, नाहीतर आणखी पत्रं येतील. सिकलसेल ओळखायला जीनोम वाचावा लागत नाही. आधी सोल्युबिलिटी चाचणी, मग एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस, एवढ्याने निदान होतं. उगाच हजारो रुपये घालू नका.)

मुलाखतीला मुलं येतात तेव्हा मी अल्गोरिदम विचारत नाही. एवढंच विचारते : चार-चार ओळींच्या त्या फाइलीत किती तुकडे आहेत ते मोजून सांग. नावाची ओळ ‘ॲट द रेट’च्या चिन्हाने सुरू होते, म्हणून बरेच जण त्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी मोजतात. झटपट, सुटसुटीत, आणि चूक. चौथ्या ओळीत खात्रीचा प्रत्येक आकडा एका चिन्हाने लिहिलेला असतो, आणि ‘ॲट द रेट’ म्हणजे ३१. चूक होण्याची शक्यता हजारात एकाहूनही थोडी कमी, चांगला आकडा आहे तो. पहिलंच अक्षर तेवढ्या खात्रीचं असलं की चौथी ओळही त्याच चिन्हाने सुरू होते. ओळी मोजून चाराने भागावं, संपलं. जो मुलगा उत्तर देण्याआधी खरी फाइल उघडून डोळ्यांनी बघतो, तो मला हवा असतो.

तुझ्यासाठी अभ्यास : लिनक्सची कमांड लाइन बोटांत बसव. पायथन नीट शीक. सोबत सी, रस्ट, गो यांपैकी काहीतरी एक. संख्याशास्त्र टाळू नकोस, तुमच्या अभ्यासक्रमात त्याला फार हलकं घेतात. ‘रोझालिंड’ नावाच्या संकेतस्थळावर सोप्याकडून अवघडाकडे जाणारी कोडी आहेत, फुकट. ती सोडवत गेलास तर सुटलेली बायोलॉजी तिथेच भरून निघते.

माझी मुलगी बायोटेक्नॉलॉजीत बी.टेक. करते आहे. तिला बायोइन्फर्मॅटिक्समध्ये जायचं आहे. नागपुरात नोकरी मिळेल का, की पुण्या-बंगळुरूलाच पाठवावं लागेल? आम्हाला ती एकुलती एक आहे.
— एक आई, वर्धा

ताई, खरं सांगते, राग मानू नका. पाठवा.

नागपुरात काम नाही असं नाही. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, इथे १९५८ पासून आहे, आणि सांडपाणी, माती, गाळ यांतल्या जिवाणूंचा डीएनए वाचण्याचं काम तिथे होतं. कोविडमध्ये गुळण्यांच्या पाण्यावरून आरटी-पीसीआर करायची पद्धत निघाली, ती याच नीरीतून. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची संस्था आहे, मिहानमध्ये एम्स आहे. पण अशा ठिकाणी नव्या मुलांना बहुधा प्रकल्पावर घेतात. प्रकल्प संपला की पद संपलं. अनुभव उत्तम मिळतो, स्थैर्य नाही. या क्षेत्रातल्या कंपन्या बघाल तर बंगळुरू, हैदराबाद, पुणे, दिल्लीच्या आसपास. मी आज प्रतापनगरात बसून काम करते ते बाहेरची वर्षं गाठीशी आहेत म्हणून. पहिल्या दिवशी घरून काम मागितलं असतं तर कोणी उभं केलं नसतं. शेजारच्या टेबलावरचा माणूस वैतागून काय पुटपुटतो, ते ऐकूनच निम्मं शिकणं होतं, आणि ते व्हिडिओ कॉलवर ऐकू येत नाही.

आणि स्कोपबद्दल, सगळ्यांसाठी : नुसत्या बायोटेकच्या पदवीवर अवघड आहे. नुसत्या कोडिंगवर तुलनेने सोपं. दोन्ही येणाऱ्याला लोक शोधत असतात. तुमच्या मुलीकडे बायोलॉजी आहे, आता तिने प्रोग्रॅमिंग असं शिकावं की कॉम्प्युटरच्या मुलांशी त्यांच्याच मैदानात बोलता येईल. काही आठवड्यांत बायोइन्फर्मॅटिक्स शिकवून सर्टिफिकेट देणारे क्लास गल्लोगल्ली निघालेत. त्यांना एक रुपया देऊ नका. त्या सर्टिफिकेटकडे मी बघतसुद्धा नाही, गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात त्या संकेतस्थळावर, काय ठेवलंय ते बघते.

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी. करतो. कपाशीवर काम आहे. माझे सगळे आकडे आणि जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये आहेत. सर म्हणतात एक्सेल पुरेसं आहे. तुमचं मत?
— एक संशोधक विद्यार्थी

सरांशी भांडू नकोस, पण जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडू नकोस. माणसाच्या जनुकांत ‘सेप्ट २’, ‘मार्च १’ अशी नावं होती. एक्सेलला वाटायचं तारखाच आहेत, आणि ते परस्पर २ सप्टेंबर, १ मार्च करून टाकायचं. २०१६ मध्ये कोणीतरी छापील शोधनिबंधांना जोडलेल्या याद्या तपासल्या, तर एक्सेलमध्ये जनुकांची यादी दिलेल्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांश निबंधांत असली मोडतोड सापडली. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली : सेप्टिन २, मार्चएफ १. मायक्रोसॉफ्टने हे आपोआप बदलणं बंद करायची सोय दिली ती २०२३ मध्ये. एका हिशेबाच्या प्रोग्रॅमपुढे अख्ख्या शास्त्राला आपली नावं बदलावी लागली, याचा मला अजूनही राग येतो आणि हसूही येतं.

तू आर किंवा पायथन शीक, याद्या साध्या टॅबवाल्या फाइलीत ठेव. पण तुझ्या कामात याहून मोठा खड्डा वेगळाच आहे. आपली नेहमीची अमेरिकन कपाशी, हिर्सुटम, चौपट गुणसूत्रांची आहे : एकूण ५२, आणि त्यात ‘ए’ आणि ‘डी’ अशा दोन वेगळ्या पूर्वजांचे संच एकत्र नांदतात. दोघांत साम्य इतकं की छोटा तुकडा ‘ए’चा असून ‘डी’वर जाऊन बसतो. माणसासाठी बनवलेली साधनं मात्र प्रत्येक जनुकाच्या दोनच प्रती धरून चालतात. ती तशीच कपाशीवर चालवलीस तर पानोपानी मिश्र जनुकप्रकार, म्हणजे एकाच जागी दोन प्रतींत दोन वेगळी अक्षरं, दिसतील, आणि तुला वाटेल काय सुंदर विविधता सापडली! ती विविधता नसते, पत्ता चुकलेले तुकडे असतात. देशी कपाशी, आर्बोरियम, २६ गुणसूत्रांची, तिथे हा त्रास नाही. आधी तिच्यावर हात बसव, मग हिर्सुटमला हात लाव.

संत्र्याच्या बाबतीतही अशीच एक गंमत आहे, तुझ्या मित्रांपैकी कोणी त्या कामात असेल तर सांग. संत्र्याचं झाड मुळात दोन झाडं असतात. खाली जंबेरीचा खुंट, वर डोळा भरलेला संत्रा. खुंटालाही फुटवे येतात. बागेत गेलेल्या माणसाने घाईत त्या फुटव्याचं पान तोडून आणलं की डब्यावर लिहिलेलं असतं ‘नागपुरी संत्रा’ आणि आत डीएनए जंबेरीचा. कोणतंही साधन बनवताना मी पहिली पायरी हीच घालते : नमुना म्हणवतो तोच आहे का? माणसांच्या नमुन्यात एक्स आणि वाय गुणसूत्रांवर किती तुकडे बसले ते बघितलं तरी स्त्रीचा नमुना पुरुषाच्या नावावर गेलेला लगेच कळतो. एवढी साधी तपासणी, पण ती नसली तर पुढचं सगळं वाया.

मी बँकेतून निवृत्त झालो. खात्याची माहिती बाहेर गेली तर पासवर्ड बदलता येतो, डीएनए कसा बदलणार? लोकांचे जीनोम तुमच्या हाताखालून जातात, भीती वाटत नाही? आणि मी स्वतः हौसेखातर अशी चाचणी करावी का?
— एक ज्येष्ठ वाचक, धरमपेठ

काका, तुमचं पत्र मला सर्वांत आवडलं. वाटते भीती.

नाव काढून टाकलं की काम झालं, असं पूर्वी वाटायचं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी पकडला गेला, कसा? त्याने स्वतःचा डीएनए कुठेही दिला नव्हता. दूरच्या नातेवाइकांनी वंशावळ शोधायला हौसेने एका संकेतस्थळावर दिला होता, त्यांच्यावरून पोलीस त्याच्यापर्यंत पोचले. खुनी सापडला हे बरंच झालं, पण दार कसं उघडतं ते बघा. तुम्ही चाचणी केलीत की तुमच्या मुलाची, पुतण्याची, नातीची थोडी-थोडी माहिती तुम्ही त्यांना न विचारता देऊन टाकता.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. सिकलसेलचे दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची निम्मी, आणि तो बदल मुळीच न येण्याची चारात एक. ही माहिती जोडप्याला असायलाच हवी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, ते योग्यच आहे. पण तीच माहिती गावात फुटली की मुलीचं जमलेलं लग्न मोडतं. मुलाचं मोडल्याचं क्वचित ऐकू येतं! वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे किती वेळा सांगायचं?

म्हणून साधनांत काही गोष्टी मी मुळातच बांधून टाकते. नावं एका ठिकाणी, अक्षरं दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हींच्या किल्ल्या एकाच माणसाकडे नाहीत. कोणी कोणती फाइल कधी उघडली याची नोंद होते आणि ती खोडता येत नाही. तुम्ही बँकवाले, तुम्हाला वेगळं समजवायला नको. डॉक्टरांनी एका जनुकाबद्दल विचारलं असेल तर रिपोर्टमध्ये त्याच जनुकाचं येतं, बाकीचं दिसत नाही. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा आहे, त्याचा आधार घ्यायचा. पण कायद्याची पुढची दुरुस्ती होईपर्यंत थांबून चालत नाही, कुलूप आज लावावं लागतं.

हौसेखातर करू नका. घराण्यात काही आजार असेल, डॉक्टरांनी सुचवलं असेल, तर आधी जनुकीय समुपदेशकाला भेटा आणि मग ठरवा.

वय ३८. जावा, बँकिंग प्रकल्प, टीम लीड. कंटाळा आलाय. तुमच्या क्षेत्रात यायला उशीर झाला का? पगार किती पडेल?
— एक अभियंता, मनीषनगर

पगार सुरुवातीला पडेल, घरच्यांशी बोलून घ्या. हप्ते चालू असतील तर आणखी नीट बोला.

उशीर झाला नाही. जिम केंट नावाचे गृहस्थ आधी ॲनिमेशनची सॉफ्टवेअर लिहायचे. मग ते धंदा सोडून सांताक्रूझच्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकायला गेले. २००० साली, चाळिशीला टेकलेले असताना, मानवी जीनोमचे सुटे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम त्यांनी जेमतेम महिनाभरात लिहिला. मनगटं दुखायची म्हणून बर्फ लावून टाइप करायचे. ७ जुलै २००० ला तो जोडलेला जीनोम सगळ्यांसाठी खुला झाला, आणि त्यांनीच बनवलेला जीनोम ब्राउझर मी आजही रोज उघडते. प्रत्येक जण जिम केंट होत नाही, मीही झाले नाही. पण अनुभवी प्रोग्रॅमरची इथे कदर आहे.

बँकिंगमधलं काय कामी येईल? ताळा. बिलिंगमध्ये आम्ही रात्री आत आलेले कॉल आणि बाहेर गेलेली बिलं जुळवायचो, एकाचाही फरक चालत नसे. जीनोमिक्समध्ये आल्यावर मी पहिला प्रश्न हाच विचारला : आत किती तुकडे आले, बाहेर किती गेले, मधले कुठे गळले? आजही माझ्या प्रत्येक साधनाच्या शेवटी तो ताळा छापला जातो. तुमचीही ती सवय जुनी असेल, ती टाकू नका. टाकावं लागेल ते वेगळं : मागणी लेखी येईल आणि मग बदलणार नाही, ही आशा. शास्त्रज्ञ सोमवारी एक विचारतात, उत्तर बघून गुरुवारी प्रश्नच बदलतात. त्यात त्यांचा दोष नाही, संशोधन असंच चालतं.

नोकरी सोडण्याआधी नेक्स्टफ्लो किंवा स्नेकमेक, दोन्हींपैकी एक शिका. कामाच्या पायऱ्या क्रमाने चालवणारी, म्हणजे पाइपलाइन बांधणारी, साधनं आहेत ती. एनएफ-कोअर म्हणून खुल्या पाइपलाइनींचा समूह आहे, तिथे एखादी लहानशी दुरुस्ती करून पाठवा. ती स्वीकारली जाईपर्यंत होणारी चर्चा वाचूनच कळेल, या लोकांत तुमचं मन रमतं की नाही.

एआय आलं. आता तुमचं काय?
— एकच ओळ, नाव नाही

नाव लिहायला हवं होतं. माझं बरं चाललंय.

एआय आमच्याकडे आधीच आलंय. गुगलचं डीपव्हेरिएंट तुकड्यांच्या रांगा चित्रासारख्या बघून फरक ओळखतं, आणि ओळखतं चांगलं. प्रथिनांचे आकार सांगणाऱ्या अल्फाफोल्डसाठी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कोड लिहायला मीही एआय वापरते. पण वरची सिकलसेलची गोष्ट वाचलीत ना? शून्यापासून मोजायचं की एकपासून, इथे ते अजूनही बिनधास्त गोंधळ घालतं, आणि कोड दिसतो इतका नीटनेटका की शंका येऊ नये. म्हणून अमेरिकेच्या एनआयएस्टी या मोजमापांची प्रमाणं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने काही माणसांचे जीनोम पुन्हापुन्हा तपासून उत्तरपत्रिका तयार करून ठेवलीय, तिच्यावर पास झाल्याशिवाय माझ्याकडचं काही बाहेर जात नाही, मग ते माणसाने लिहिलेलं असो की यंत्राने.

दुसरं असं की यंत्र शिकतं ते समोर ठेवलेल्या माहितीवरून, आणि जगभरच्या साठ्यात युरोपीय वंशाची माणसं जास्त आहेत. एखादा फरक ‘दुर्मीळ’ म्हणून लाल झाला, आणि तो आपल्याकडच्या एखाद्या समाजात सर्रास असला, तर? जीनोम इंडिया प्रकल्पाने देशभरातल्या दहा हजार माणसांचे जीनोम वाचले, आणि ती माहिती फरीदाबादच्या केंद्रातून जानेवारी २०२५ पासून संशोधकांना खुली झाली. एवढ्या मोठ्या देशाला दहा हजार कमीच, पण आता निदान ताडून बघायला काहीतरी आहे.

लॅपटॉप कोणता घ्यावा? बाबा म्हणतात ग्राफिक कार्डवाला घे, नाहीतर काम होणार नाही.
— पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, काटोल

बाबांचे पैसे वाचव. सोळा जीबी रॅम आणि बऱ्यापैकी एसएसडी असलेला साधा लॅपटॉप, त्यावर लिनक्स. पूर्ण मानवी जीनोम शिकण्यासाठी लागत नाही. ई. कोलाय जिवाणू घे, त्याचा जीनोम ४६ लाख अक्षरांचा आहे, सगळी पाइपलाइन चहा होईपर्यंत धावून संपते. माणसाचंच हवं असेल तर २२ वं गुणसूत्र घे, लहानांपैकी आहे. खरी माहिती एनसीबीआय या अमेरिकी सरकारी संस्थेच्या साठ्यातून फुकट उतरवता येते, फक्त रात्री लाव, म्हणजे घरातल्यांचं इंटरनेट अडकणार नाही. उतरवल्यावर फाइल उघडून पहिल्या आठ ओळी बघायच्या, आणि तिच्यासोबत कोणता रेफरन्स, कुठून आणला, कोणत्या तारखेला, हे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवायचं.